चुरीकाकांचा ग्रह

भर बाजारात वांगं हातात धरून उत्तरेकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी पाहिलाय, आणि एकदा नाही, कैक वेळा. पालघरच्या बाजारात भाजीवाली ओरडायची, "अवो काका, घ्यायचं तं घ्या, त्याचं लगीन नाय लावायचंय!" आणि काका वांगं फिरवत शांतपणे म्हणायचे, "निळ्या ताडपत्रीखाली सगळीच वांगी ताजी दिसतात, बाय." मग उन्हात दोन पावलं जाऊन, सावलीत परत येऊन, पुन्हा एकदा बघून पावशेर वांगी घ्यायचे. मी पिशव्या घेऊन ताटकळत उभी. मेल्या वांग्यापायी माझी किती वेळा बस चुकलीय, देव जाणे!

हे विश्वनाथ चुरी. शिरगावात आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी, मधे मेंदीचं कुंपण. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेमाकाकू माझ्या हक्काच्या आणि काका ओघाने आलेले. काकांनी सगळी नोकरी बोईसरला रंगाच्या कारखान्यात केली, तिथल्या प्रयोगशाळेत. काम एकच. तयार झालेल्या रंगात कापडाचा तुकडा बुडवायचा, वाळवायचा, आणि नमुन्याच्या तुकड्याशेजारी ठेवून बघायचा. जुळला तर माल बाहेर, नाही तर परत. खिडकी उत्तरेची, कारण तिकडून थेट ऊन येत नाही. त्या खिडकीने हा माणूस असा काही घडवला होता की घरीदारी, लग्नाकार्यात, मयतीतसुद्धा तो आधी उजेड कुठून येतोय ते बघायचा.

काका बोलायचे फार कमी. "हं" हा त्यांचा आवडता शब्द. आणि बोलले की प्रश्न. काकू भाजीची चव विचारायच्या, तर हे म्हणायचे, "आधी तू सांग." मी म्हटलं, "काका, हा काय प्रकार?" तर म्हणाले, "मी आधी सांगितलं तर तिची जीभ माझ्यामागं जाईल. मग दोन मतं कुठं राहिली?" काकू पदराआड हसायच्या. "ऐकलंस मंगल? भाजी नाय, माल तपासतायत!"

एकदा मी तावातावाने सांगत होते, की अमक्याची मुलगी तमक्याच्या मोटरसायकलवर सातपाटीच्या बंदराकडे जाताना दिसली. काकांनी मान वर केली. "कितीदा दिसली?" मी म्हटलं, "एकदाच, पण चांगली दिसली!" "एकदा दिसतं ते ढगसुद्धा असतं. दुसऱ्यांदा दिसलं तर योगायोग. तिसऱ्यांदा दिसलं तर बोल." मला असा राग आला! पण खरं सांगते, तो त्या मुलीचा मावसभाऊ निघाला. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. म्हणजे काकांसमोर तरी.

खोटं त्यांना जमायचंच नाही. मालकाने एकदा स्वतः येऊन सांगितलं होतं, एवढा माल पास करा, गिऱ्हाइकाला काय कळतंय. काका म्हणाले, "गिऱ्हाइकाला नाय कळणार. मला कळलंय ना." पुढे बढती त्यांना चुकवूनच जात राहिली. काकूंना त्याचं वाईट वाटायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. दोघं दोन टोकांना बसून जेवायची, आणि मधे रेडिओ बोलायचा.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, काकांनी दुर्बीण आणली. गच्चीवर पत्र्याची खोपी बांधली, दुर्बिणीला कॅमेरा लावला, कॅमेऱ्याला लॅपटॉप. आम्हाला वाटलं, आता चंद्र दाखवतील, शनीची कडी दाखवतील. कसलं काय! एकच कुठला तरी तारा, जो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, त्याचे फोटो काढत बसायचे.

मी विचारलं तेव्हा एकदाच त्यांनी नीट समजावलं होतं. "सातपाटीला होडी नांगरलेली असते, वर दिवा असतो. किनाऱ्यावरून खलाशी दिसत नाय. पण तो दिव्यापुढून गेला की दिवा जरासा मंद होतो. तसं. ताऱ्यापुढून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड शंभरातला एखादा भाग उणा होतो. तेवढंच बघायचं."

"आणि तेवढं कमी झालेलं कळतं कसं?"

"शेजारणींकडं बघून. बाजूचे तारे बदलत नाय. त्यांच्याशी जुळवून बघायचं."

म्हणजे बोईसरचंच काम वर गच्चीवर गेलं होतं. आधी कापडाचे तुकडे जुळवायचे, आता तारे. दिसायचे तेसुद्धा गुरूसारखे धिप्पाड ग्रहच, आपल्या पृथ्वीएवढ्याची सावली त्यांच्या यंत्राला लागायची नाही. जगभर असे हौशी लोक आहेत म्हणे. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीला काही संशयास्पद दिसलं की हे जमिनीवरून तपासतात. काका त्यांना आकडे पाठवायचे.

पंचायतीने आमच्या रस्त्यावर पांढरा झगझगीत दिवा लावला तेव्हा मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. काका म्हणाले, दिवा काढा. मी म्हटलं, "वा हो वा! बायाबापड्या काळोखात धडपडल्या तर तुमचे तारे उचलायला येणार का?" काका घरी गेले. दोन दिवसांनी स्वतः पत्रा कापून, वाकवून, त्या दिव्याला टोपी करून बसवली. सगळा उजेड खाली. रस्ता आधीपेक्षा लख्ख दिसायला लागला आणि त्यांचं आकाश काळं राहिलं. मला काही म्हणाले नाहीत. मीही नाही. पण त्या दिवशी त्यांच्याकडे वाटीभर सुकटीची चटणी गेली आमच्याकडून.

काकूंचं काय, असं कोणी विचारत नव्हतं. मी बघायची. नवरा दिवसा झोपलेला, संध्याकाळी गच्चीवर. काकू खाली पडवीत एकट्या, विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत. कधी माझ्याशी गप्पा मारताना वर बघून म्हणायच्या, "सवत बी केली तं कसली, डोळ्यांना दिसत नाय!" आणि हसायच्या. ते हसू मला कधी आवडलं नाही.

मग तो ग्रह आला.

पावसाळ्यात आकाश बंद. त्या दिवसांत काका दुपारी पडवीत लॅपटॉप घेऊन अवकाशातल्या दुर्बिणीने सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या ताऱ्यांच्या नोंदी चाळत बसायचे. एका ताऱ्याचा उजेड दाखवणाऱ्या रेघेत त्यांना खाच दिसली. पुढे तशीच दुसरी, मग तिसरी, सारख्या अंतराने. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. थंडीत त्यांनी आपल्या गच्चीवरून तोच तारा धरला आणि खाच त्यांनाही दिसली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या सकाळी ते कुंपणाशी आले, दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, "मंगल, तिथलं वर्ष आपल्या आठवड्याहून लहान हाय." बस, एवढंच. आणि आत गेले.

त्यांनी त्या अवकाशातल्या दुर्बिणीवाल्यांना कळवलं, तिकडच्या लोकांनी तपासलं आणि नोंद घेतली, पण ग्रह म्हणून नाही, संभाव्य ग्रह म्हणून. सावलीवरून आकार कळतो, वजन कळत नाही. वजन करायला परदेशातली मोठी दुर्बीण लागते. ताऱ्याभोवती जे फिरतंय ते ताऱ्याला किती हलवतं, ते मोजतात. त्याला महिने लागतात. काका हे सगळ्यांना सांगायचे. "अजून ठरायचंय."

पण संक्रांतीचं हळदीकुंकू मधे आलं ना! काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा सुवासिनींना तिळगूळ देताना सांगितलं, "आमच्या ह्यांनी ग्रह शोधला." झालं. हळदीकुंकवातली बातमी ती. दिवेलागणीपर्यंत माहीम, केळवे, सफाळ्यापर्यंत पोचली. आणि दोन दिवसांत नाक्यावर तरुण मंडळाचा फ्लेक्स लागला. "गावाचे भूषण, नव्या ग्रहाचे जनक मा. विश्वनाथ चुरी यांचे हार्दिक अभिनंदन!" बाजूला कडीवाला शनी, कारण छापणाऱ्याकडे तेवढंच चित्र होतं. काकांचा फोटो एवढासा, पुढाऱ्यांचे मोठे.

काका धावत नाक्यावर गेले. "अरे, काढा तो. अजून ठरलेलं नाय. वजन व्हायचंय."

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काका, तुमचं वजन हाय ना गावात, बास झालं!"

प्रजासत्ताक दिनी शाळेत सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "तो ग्रह आहे असं मी म्हटलेलं नाही. कदाचित नसेल. कृपा करून कुणी..." पुढचं टाळ्यांत बुडालं. लोकांना वाटलं, केवढा विनय! पण मी काकूंकडे बघत होते. पहिल्या रांगेत, जांभळं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. त्या दिवशी गावातल्या बाया त्यांच्याशी आपणहून येऊन बोलत होत्या. इतकी वर्षं ज्या गच्चीने नवरा नेला, त्या गच्चीने एकदाचं काहीतरी परत दिलं होतं.

उन्हाळ्यात काकूंच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला नेलं, कापलं, औषधं झाली. दर वेळी नाक्यावरून रिक्षा जाताना त्या फ्लेक्सकडे बघायच्या. "माझा पण फोटो टाकायचा व्हता मेल्यांनी. चहा कुणी करून दिला इतकी वर्षं?" पावसात फ्लेक्सचे रंग उडाले. गणपती गेले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या.

काकूंची खाट पडवीत टाकली. दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. "तारा निघाला," म्हणाले.

"कसला तारा?"

"तो ग्रह नाय. वजन झालं. आकारानं गुरूएवढा, पण वजनानं तारा हाय. लहान, तांबडा. मोठ्या ताऱ्याभोवती फिरतोय. असं होतं. बऱ्याचदा होतं." हे बोलताना त्यांचा हात मेंदीची पानं तोडत होता. "बरोबरच्या हौशी लोकांना मी कळवलं. आता हेमाला सांगतो."

माझं डोकंच फिरलं. "खबरदार!" मी म्हटलं. "खबरदार काका! ती बाई चार दिवसांची सोबती. तिच्याजवळ मेलं दुसरं हाय काय? तेवढं एक सुख तिला घेऊन जाऊ दे. तुमचं खरं तुमच्याजवळ ठेवा!"

"खोटं कसं बोलू?"

"नका बोलू. गप्प बसा. ते तर तुम्हाला छान जमतं!"

हे मी बोलून गेले, माझी जीभच तसली. काका आत गेले. मी ओला कपडा हातात घेऊन ऐकत राहिले. काकूंचा बारीक आवाज आला, "आपला ग्रह काय म्हणतो?" हे त्या रोज विचारायच्या.  मग काका म्हणाले, "बरा आहे."

त्या दिवसापासून एक नवल झालं. काका खाटेजवळ बसायला लागले. दुपारी मी काकूंसाठी पेज करायला त्यांच्या चुलीशी असायची, तर पडवीतून काकांचा आवाज यायचा. कधी न ऐकलेला, लांबच लांब चाललेला आवाज. तिथं जमीन नाय, नुसते ढग. ताऱ्याच्या इतक्या जवळ, की एक तोंड सदा त्याच्याकडं. अर्ध्यात कायम दिवस, अर्ध्यात कायम रात. मधल्या हद्दीवर सदा संध्याकाळ.

"मग दिवा लावायचा तं हद्दीवरच," काकू म्हणायच्या.

"हो. तिथं लाव."

"आणि वाडी?"

"वाडी नाय करता येणार."

"पाणी नाय, जमीन नाय, पानमळा नाय. तुमी मेलं काय शोधलंत हो!" आणि दोघं हसायची. दोघं! मी पळी घेऊन तशीच उभी राहायची. डोळ्यांतून पाणी यायचं, चुलीच्या धुराने म्हणायची सोयही नव्हती, गॅस होता.

कधी रंग सांगायचे, ढगांचे. गडद निळा, कडेला राखाडी. ज्या माणसाने जन्मात डोळ्यांनी बघितल्याशिवाय रंगाचं नाव घेतलं नाही, तो न बघितलेल्या, नसलेल्या ग्रहाचे रंग सांगत होता. रोज संध्याकाळी परसात येऊन तोंड धुवायचा आणि पुन्हा पुन्हा धुवायचा. गच्चीवर त्या दिवसांत ते गेलेच नाहीत.

एकदा काका औषधं आणायला पालघरला गेले होते. काकूंनी मला जवळ बसवलं. हात काडीसारखा, पण पकड घट्ट.

"तो ग्रह नाय ना गं?"

 "कोण म्हणालं? काहीतरीच काय काकू..."

"गप. माझ्याशी नाटक करू नको. वरीसभर सांगत व्हते, अजून ठरायचंय, अजून ठरायचंय. फ्लेक्सवाल्यांना, मास्तरांना, दूधवाल्याला बी. एक दिवस मी विचारलं तं म्हणाले, बरा हाय. 'अजून ठरायचंय' म्हणायचंच सोडलं. म्हणजे ठरलं. आणि चांगलं ठरलं असतं तं हा माणूस असं सांगता काय?"

 मी म्हटलं, "मग तुम्ही रोज कशाला विचारता?"

काकूंनी वर आढ्याकडे बघितलं. "मंगल, लगीन झाल्यापासून माझ्याजवळ एवढा वेळ बसले नाय गं कधी. एवढं बोललेच नाय. मी विचारायची थांबले तं हे बी थांबतील." मग माझा हात दाबला. "त्यांना सांगायचं नाय. माझी शपथ हाय तुला."

मार्गशीर्षात काकू गेल्या. शेवटच्या दुपारीही विचारलं होतं आणि काकांनी सांगितलं होतं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आवाज फार बारीक होता.

तेरावं झाल्यावर काका नाक्यावर गेले आणि आपल्या हाताने फ्लेक्स उतरवला. मंडळाची पोरं म्हणाली, "असू द्या ना काका, ग्रह काय नि तारा काय, वरचंच ना सगळं!" काका म्हणाले, "फरक आहे." शाल आणि फेटा घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी हात जोडले, घेतलं नाही. काकांनी ते टेबलावर ठेवलं आणि परत आले. घरोघर जाऊन सांगितलं, तो ग्रह नव्हता. लोकांना बिचाऱ्याची दया आली. कुणी चहा दिला.

पण सुटका झाली नाही त्यांची. सगळ्या गावाला खरं सांगितलं, आणि जिला सांगायचं ती राहिली. माणूस खंगत चालला. डबा मी पाठवायची, तो तसाच परत. पुतण्या नाशकाहून न्यायला आला तेव्हा निघण्याच्या आदल्या दुपारी मी ताट घेऊन गेले, तर काका पडवीच्या पायरीवर बसलेले. खाट अजून तिथेच होती, गादी काढलेली, नुसत्या नवारीची.

"मंगल," ते म्हणाले, "मी तिला फसवलं. कारखान्यात परक्या गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाय. आणि तिला रोज फसवलं. ती ते सगळं खरं मानून गेली."

मला शपथ आठवत होती. चांगली आठवत होती. पण समोर हा माणूस वाळून लाकूड होत चाललेला मला बघवेना. म्हटलं, काकू, मला काय पाप लागायचं ते लागू दे.

"नाही मानलं," मी म्हणाले. "त्यांना ठाऊक होतं."

काकांनी मान वर केली. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही 'बरा आहे' म्हणालात ना, तेव्हापासून."

त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं, मी डोळ्यांनी बघितलं ते. ओठ हलले, हसायलाच आले होते जवळजवळ. मी तिथेच उठायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, "मग रोज विचारायची कशाला?"

आणि मी सांगितलं. काकू बोलल्या तसंच, त्यांच्याच शब्दांत. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं, खाटेकडे बघितलं.  ताटातलं वरण थंड होऊन त्यावर साय धरली. मी म्हटलं, काका, दोन घास खा. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग ते पायरीला हात टेकून उठले, खाटेपाशी गेले आणि काकूंच्या उशाशी बसायचे तसे खाली बसले.

मी कुंपणापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज यायला लागला. तोच, लांबच लांब चाललेला. "तो तारा आहे, हेमा," ते सांगत होते. "ग्रह नाही. लहान आहे, तांबडा आहे. फार सावकाश जळतो. आपला सूर्य विझेल, तरी तो राहील..." ऊन कलेपर्यंत ते बोलत होते, आणि मी आमच्या मेंदीशी उभी राहून ऐकत होते.